उजवी पाकळी

फाल्गुन लागला की सांगलीभोवतीच्या शिवारात उसाचे पाचट पेटवतात. दिवेलागणीला वारा पडतो आणि धूर नदीवरून सावकाश गावात येतो. काळी राख वाळत घातलेल्या धोतरांवर बसते. बायका तिला नावे ठेवत कपडे झटकतात. या धुराला गुळाचा वास असतो. डोंगरातल्या धुराला तो नव्हता. तो तुरट होता, हिरड्यासारखा जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. दोन धुरांत साम्य असे काहीच नाही. तरी दरवर्षी पाचटाचा पहिला धूर आला की डोळ्यांसमोर ऊस येत नाही. पाटणच्या वरच्या डोंगरातली एक राई येते, आणि तिच्यातल्या एका काळ्या दगडाला चिकटलेली चाफ्याची ओली पाकळी.

ती पाकळी पडत नाही. इतक्या वर्षांनंतरही, पाहत राहिलो तरी पडत नाही.

लढाईची वर्षे होती ती. पेट्रोल पलटणींकडे गेले होते आणि कराड-पाटणच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला पिंपासारखी भट्टी जोडलेली असे. क्लीनर बराच वेळ पंख्याचा दांडा फिरवी, भट्टी धगधगली की मोटार खोकत निघे. चढ आला की उतारूंना खाली उतरवत. म्हातारी माणसे मोटारीच्या पुढे चालत जात आणि वरच्या वळणावर तंबाखू मळत तिची वाट पाहत बसत. मोटार झाडे खाऊन चालते हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणती झाडे, हे कोणी विचारत नसे.

कोळसा डोंगरातून येई. साताऱ्याच्या ज्या साप्ताहिकात माझे काम होते ते कागद मिळेना म्हणून त्या हिवाळ्यात बंद पडले, आणि मी कोळशाच्या एका कंत्राटदाराकडे कारकून म्हणून राहिलो. ते कडेगावचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कडेगावकडचा माळ उघडा. तिथे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, नाहीतर विहिरीवरचा लिंब. त्यामुळे डोंगरात अण्णा वर पाहत चालत आणि ठेचाळत. अंगाने जड, बोलायला मऊ असा माणूस. कोणाचे मन मोडायचे नाही, आणि आपले कामही अडू द्यायचे नाही, अशी त्यांची रीत होती.

वाडीचे नाव हिरडेवाडी. मूठभर घरे, उतारावर नाचणीची शेते, आणि घरांच्या वर, डोंगराच्या कुशीत, वाघजाईची राई.

बाहेर उन्हाने गवत पांढरे पडलेले असे. दगडांची एक बुटकी रांग ओलांडली की एकदम संध्याकाळ होई. रांगेशी वहाणा काढायच्या. कोयता, कुऱ्हाड तिथल्याच एका वाकड्या गेळ्याच्या फांदीला अडकवायची. आत पायाला माती लागत नसे. कित्येक पिढ्यांचा पाला लागे, थंड आणि थोडा ओलसर. गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, त्यांच्या हातभर लांब शेंगा वाऱ्याशिवाय हलत. ककणेर उडाला की पंखांचा आवाज आधी येई आणि पक्षी मागून दिसे. मध्ये देवीचे ठाणे होते. देऊळ नव्हते, छप्पर नव्हते. शेंदूरही नाही. एक काळा दगड, आणि त्याच्या पायाशी झरा. उन्हाळ्यात खालचे ओढे आटत तेव्हा वाडीला प्यायला या झऱ्याशिवाय दुसरे पाणी नव्हते.

या राईतली वाळकी काडीदेखील चुलीत जात नसे. पडलेले झाड पडल्या जागी कुजे. फळ पाखरांचे आणि शेकरांचे. शिमग्याच्या होळीला लाकूड हवे तर माणसे सकाळी उठून लांबच्या रानात जात आणि दुपारी ओंडका ओढत राईच्या कडेकडेने खाली येत. घामाघूम, पण त्यात काही विशेष केले असे कोणाला वाटत नसे.

राई ज्या जमिनीत होती ती इनामाची होती. इनामदार साताऱ्याला राहत. त्यांनी राई पाहिलेली नव्हती. तोडीच्या कागदावर सही दिलेली होती. भोवतालची राने त्या हिवाळ्यात भट्ट्यांत गेली होती. कराडहून कोळशाची मागणी थांबत नव्हती. उरली होती ती राई.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा वाडीत आले. मागे कोळसा पाडणारे कातकरी होते, कोकणातून घाट चढून आलेले; त्यांचा म्होरक्या भिवा. पाटलांनी घोंगडे अंथरले. पाटील म्हातारे, दात पडलेले, चेष्टेखोर. अण्णांनी कागद काढून पुढे ठेवला. पाटलांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"सही लय झ्याक हाय," ते म्हणाले. "आमी न्हाई म्हनत न्हाई, अण्णा. आमी म्हननारं कोन? जिची हाय तिला इचारा."

अण्णांनी राईत जाऊन दगडापुढे डोके टेकवले. उठताना ते म्हणाले, "आई, मी काय मोठा लागून गेलो? तू देशील तेवढंच नेईन."

कडेगावात हे वाक्य, जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणावे तसे बोलले जाते. कोणी ते मनावर घेत नाही. हिरडेवाडीत ते देवीपुढे बोललेले होते. मागे पाटील उभे होते, वाडी उभी होती, भिवा आणि त्याची माणसे उभी होती. खाली आल्यावर भिवाने कुऱ्हाडी एका झोपडीत ठेवून दिल्या आणि दाराला आडवी काठी लावली.

"हे काय रं भिवा?" अण्णांनी विचारले.

"तुम्ही बोललाव ना शेट. आता ती देल तवा काढू. तिनं दिल्याबिगर आमची माणसं हात नाय लावायची."

कौल लावण्याचे काम गुरवाचे. गुरव पलटणीत गेला होता. कोणत्या मुलुखात ते वाडीत कोणालाच नीट सांगता येत नसे. म्हणून ते काम त्याच्या बायकोकडे आले होते. तिचे नाव बायजा. उंच, हाडकुळी, तिशीच्या आतली. बोलताना ती समोरच्याकडे पाहत नसे, त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाही, जणू मागे आणखी कोणी उभे आहे.

कौलाची रीत साधी होती. देवचाफ्याच्या दोन पाकळ्या झऱ्याच्या पाण्यात बुडवायच्या आणि दगडाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. प्रश्न मोठ्याने सांगायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दिवस मावळेपर्यंत एकही पडली नाही तर देवी बोलली नाही; पुन्हा विचारायचे. कौल फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. विचारणाऱ्याने उपाशीपोटी, पाकळी पडेपर्यंत तिथेच बसून राहायचे.

पहिल्या शुक्रवारी अण्णा म्हणाले, "सांगा आईला, राई तोडायची परवानगी दे."

बायजाने पाकळ्या हातातच धरल्या. "कंचं झाड?"

"सगळीच की. राई."

"राई म्हंजी कोन? तुमी पंगतीला बसल्याव समद्या मान्सांचं मिळून एकच नाव सांगता व्हय?" ती अण्णांच्या खांद्यावरून बोलत होती. "झाडाला हात लावून या. मंग इचारते."

अण्णा हसले. पाटीलही हसले. अण्णा उठले आणि जवळच्या एका ऐनाला हात लावून आले. एका कौलाला एकच झाड, असा त्या क्षणी त्या वर्षीचा उन्हाळा ठरून गेला, पण हे आम्हाला कोणालाच कळले नाही.

त्यानंतरचे दिवस मला तारखांनी आठवत नाहीत. जांभळाने आठवतात. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक थोरले जांभूळ होते. आम्ही बसू लागलो तेव्हा ते फुलोऱ्यावर आले होते. सबंध झाड गुणगुणत असे. माशा दिसत नसत, आवाज मात्र वरून पावसाच्या बुरंगटासारखा अंगावर येई. पांढुरके तंतू गळून अण्णांच्या पागोट्यावर बसत. ऐनाची पाकळी त्या दिवशी पडली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. मग डावी पडली. अण्णांनी दुसऱ्या झाडाला हात लावला.

राईत पाकळी वाळत नाही हे लक्षात यायला वेळ लागला. झऱ्याचा गारवा, वारा नाही, ऊन नाही. बाहेर डोंगर तापून फुटायला आलेले असत, पेरणीआधी शेतात राब भाजल्याचा धूर कड्यांवर लोंबत असे, आणि आत एक चाफ्याची पाकळी दगडाला गाल लावून दिवसभर झोपलेली असे. आम्ही तिच्याकडे पाहत बसत असू. पाहता पाहता तीच एक गोष्ट जगात उरे. मग कधीतरी शेकरू फळाची साल खाली टाकी आणि सगळे दचकत. करवंदीच्या फुलांचा वास दुपारी आत येई आणि संध्याकाळी बाहेर जाई, गुरांसारखा.

खाली भट्ट्या विझल्या होत्या. कराडहून निरोपावर निरोप येत होते. अण्णांनी दुसरी माणसे आणायचा प्रयत्न केला. ती माणसे आली, राईच्या रांगेशी भिवाशी काहीतरी बोलली आणि त्याच वाटेने परत गेली. पाऊस लागला की भट्ट्या पेटत नाहीत. पावसाआधी कोळसा गेला नाही तर कंत्राट जाणार होते. इकडे एखाद्या दिवशी देवीने उजवी पाकळी टाकली तर झऱ्यावरचे कोणते झाड जाईल, आणि झरा त्यानंतर किती दिवस चालेल, याचा हिशेब वाडीतली प्रत्येक बाई डोक्यावरच्या हंड्याबरोबर वाहत होती. दोन्ही बाजू त्या दगडापुढे एकाच घोंगड्यावर बसलेल्या असत.

पाटील मधूनमधून येत. "अण्णा, आता हितंच ऱ्हावा गड्या. गुरवकी शिकवतो तुमाला. एवढं उपास तर आमच्या बापजाद्यानं केलं न्हाईत."

"राहतो की. तुमच्या पाटीलकीपेक्षा बरी."

"पाटीलकी बी घ्या. बायकू तेवढी ठिवा, भाकरी करती."

एका दुपारी अण्णांनी बायजाला विचारले, "गुरवाचं पत्रबित्र येतं का?"

"दिवाळीला आलं हुतं."

"मग त्याचा कौल लावून बघितला असशील."

"न्हाई."

"का? घरचीच देवी तुझी."

बायजा झऱ्यातला पाला हाताने बाजूला करत होती. मग म्हणाली, "आवं, इचारलं की उत्तर घ्यावं लागतंय."

ते वाक्य अण्णांनी ऐकले होते एवढे मी सांगू शकतो, कारण परत उतरताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा मागे वळून पाहिले.

चैत्र संपला. जांभळाचा फुलोरा झडून त्याला मिरीएवढी हिरवी फळे धरली. गुणगुण थांबली होती. तिची जागा रिकामी जाणवत असे. पाटणच्या बाजारात लोक अण्णांना पाहून हसू लागले होते. एक दिवस तिथला कोणी दुकानदार म्हणाला की ती बाई उजव्या पाकळीला चाफ्याचा चीक लावत असणार. अण्णा तसे संशयी नव्हते, पण उपासाने आणि निरोपांनी माणूस बारीक होतो.

पुढच्या शुक्रवारी ते थोरल्या जांभळाला हात लावून आले. झऱ्यावरचे, सगळ्यांत मोठे. जमलेल्या बायकांत हालचाल झाली. अण्णा बसले आणि हसत, पण मान वर न करता म्हणाले, "बायजाबाई, उजवीला काही लावतबिवत नाहीस ना?"

पाटलांनीसुद्धा चेष्टा केली नाही. बायजाने पहिल्यांदाच अण्णांच्या तोंडाकडे पाहिले. तिने चाफ्याचे फूल त्यांच्यापुढे धरले.

"तुमीच लावा."

"मी कसा लावू? मी गुरव आहे काय?"

"हात धुवा, लावा. मी प्रस्न सांगते. तिला हात कुनाचा हे ठावं हाय."

अण्णांनी झऱ्यात हात धुतले. दोन पाकळ्या तोडल्या, बुडवल्या. आधी डाव्या खांद्याला एक लावली, अंगठ्याने दाबली. मग उजव्या खांद्याला. मी त्यांच्या मागे बसलो होतो. अंगठा किती दाबला हे मागून दिसत नाही.

बायजाने प्रश्न सांगितला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. आम्ही दिवसभर बसायच्या तयारीने मांड्या घातल्या. कोणीतरी पान काढले. आणि ते पान दुमडायच्या आत उजवी पाकळी सुटली, दगडावरून घसरली आणि झऱ्यात पडली. पाण्याबरोबर ती थोडी फिरली आणि पाल्याला अडकून थांबली.

एका म्हातारीने हंडा उचलला, भरला आणि ती खाली निघून गेली. बायजाने हात जोडले. "दिलं," ती म्हणाली. "झाड तुमचं."

भिवा खाली जाऊन झोपडीतली कुऱ्हाड घेऊन आला. राईत कुऱ्हाड येताना मी पहिल्यांदा पाहिली. देवीने दिलेल्या झाडाला पहिला घाव मागणाऱ्याने घालायचा, ही तिथली रीत. भिवाने कुऱ्हाड अण्णांच्या पुढ्यात, दांडा त्यांच्याकडे करून ठेवली.

अण्णा उठले नाहीत. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होते. मग डाव्या खांद्यावरच्या पाकळीकडे. ती तशीच होती, घट्ट, ओली. ऊन वरून सरकत गेले; त्याचे ठिपके कुऱ्हाडीच्या पात्यावर आले आणि निघून गेले. ज्या माणसाने सबंध उन्हाळा या एका पाकळीसाठी काढला, त्याला आता ती पडली कशी हे कळत नव्हते. देवीने टाकली, की त्यांच्याच बोटाने. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नव्हती.

दिवस कलला तेव्हा ते म्हणाले, "बाई, पुन्हा लावा. तुमच्या हातानं."

"एकदा दिल्याव पुन्ना लावत न्हाईत."

"माझा हात हलका पडला असेल."

"आसंल."

"मग हे खरं कसं?"

"ते तुमी बघा. झाड तुमचं हाय. ठिवा न्हाईतर न्या. आमी आडवं येनार न्हाई." ती खरेच आडवी आली नसती. त्या वाडीतले कोणीच आले नसते. झरा आटला असता तरी त्यांनी दुसऱ्या डोंगरावरून पाणी आणले असते, आणि त्याविषयी पाटलांनी काहीतरी विनोद केला असता.

अण्णा उठले. कुऱ्हाड त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली, तेव्हा बायका मागे सरल्या. ते ती घेऊन रांगेपर्यंत चालत गेले, वाकड्या गेळ्याच्या फांदीला अडकवली, वहाणा घातल्या आणि खाली उतरले. त्यानंतर त्यांनी कौल लावला नाही. जांभळे पिकून काळी पडली, पश्चिमेला ढग चढले, भिवाची माणसे घाट उतरून कोकणात गेली. कंत्राट दुसऱ्याला मिळाले. त्याने राईच्या नादी न लागता पावसाळ्यानंतर दुसरीकडचे रान धरले. त्या दुसऱ्या रानाविषयी मला लिहिता येण्यासारखे काही नाही. मी ते पाहिले नाही, आणि आता पाहायला ते नाही.

लढाई संपल्यावर गुरव परत आला. पाटणच्या बाजारात पाटील भेटले तेव्हा त्यांनीच सांगितले. "पायात ह्ये मोठ्ठं बूट. लेफराईट करत आला. रांगंपाशी आला आन् बसला बूट सोडत, सुटतीलच कशाला. बायजा आत हुबी. तिला हसावं का रडावं कळंना." बायजाने त्याचा कौल कधीच लावला नव्हता.

आणि मग जांभळांची पाटी सुरू झाली. राईतले काही बाहेर न्यायचे नाही, पण ते झाड राईचे राहिले नव्हते. देवीने ते अण्णांना दिले होते. तेव्हा त्याची फळे वाडीने कोणत्या तोंडाने ठेवून घ्यायची? दुसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, हिरडेवाडीचा एक माणूस डोक्यावर पाटी घेऊन कडेगावात अण्णांच्या दारात उभा राहिला. वर जांभळाचाच पाला, खाली काळी टपोरी फळे. पाटी उतरवून त्याने विचारले, "झाड यंदा न्यायचं का ठिवायचं?"

अण्णा म्हणाले, "असू द्या."

ही रीत पडून गेली. पाटी दरवर्षी येते. आणणारा माणूस बदलतो, प्रश्न बदलत नाही. अण्णा गेले. त्यांची एकुलती लेक कुसुम माधवनगरला दिलेली. वाडीने तिचे घर शोधून काढले आणि पाटी तिकडे येऊ लागली. ती त्यातली वाटीभर मला पाठवते. एकदा पाटी आली तेव्हा मी तिथेच होतो. आणणारा तरुण होता, शर्ट-पँट घातलेला, मोटारीने आलेला. त्याने पाटी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायला आणि विचारायचे ते विचारले.

कुसुमने पाटीवरचा पाला बाजूला केला. "आणि नेतो म्हटलं तर?" तिने विचारले.

तो जरा गोंधळला, मग सरळ उभा राहिला. "न्या की. तुमचंच हाय. फकस्त पयला घाव तुमी घालायचा."

कुसुमने एक जांभूळ उचलले, दोन बोटांत फिरवले. तिच्या अंगठ्याला जांभळा डाग लागला. ती त्या डागाकडे पाहत राहिली, वडील आपल्या अंगठ्याकडे पाहत होते तशी.

"असू द्या," ती म्हणाली.